चुंची आणि तुंबलेली मोरी

एक होती मोरी. मोरीत होता एक पाइप. पाइपाशेजारी होतं एक बीळ. बिळात राहायची चिचुंद्रीची पोर. तिचं नाव चुंची. लांब लांब नाक, बारीक बारीक डोळे. चालायची कशी? तुरु तुरु, तुरु तुरु.

त्या घरात छबी राहायची. छबी अडीच वर्षांची. एका सकाळी छबीचा लाल मोजा मोरीपाशी पडला. चुंचीनं तो पाहिला. नाकानं हुंगला. मऊ मऊ होता. चुंचीला वाटलं, याची गादी करू. तिनं मोजा दातांत धरला आणि ओढला. सरक सरक, सरक सरक.

तेवढ्यात छबीची आई आली. धप धप धप. चुंची घाबरली. आता मोजा कुठे लपवू? तिनं मोजा पाइपात कोंबला आणि पळून गेली.

आईनं भांडी घासली. पाणी ओतलं. पाणी जाईना. बुडुक बुडुक, बुडुक बुडुक. पाणी वर आलं. मोरीभर झालं. चुंचीच्या बिळात शिरलं. चुंचीचं अंथरूण भिजलं. चुंचीचं बीळ बुडालं.

चुंची ओलीचिंब होऊन बाहेर आली. आता रडायचं तरी कुणापाशी? मोजा तिनंच कोंबला होता ना.

चुंची गेली पाइपाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पाइपदादा, पाइपदादा, पाणी सोड.
माझं बीळ बुडालं."

पाइप म्हणाला, "नाही सोडत. तार आत येऊ दे, मग सोडतो. पण चुंचे, माझ्या घशात अडकलंय तरी काय?"

चुंची म्हणाली, "मला नाही ठाऊक."

तिचे कान गरम झाले.

चुंची गेली तारेकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. तार खिळ्याला टांगलेली होती. लांबच लांब, गोल गोल गुंडाळलेली.

"तारमावशी, तारमावशी, पाइपात जा.
माझं बीळ बुडालं.
पाइप पाणी सोडेना."

तार म्हणाली, "नाही जात. माझं अंग गंजलंय. तेल लागू दे, मग जाते. पण चुंचे, पाइपात अडकलंय तरी काय?"

चुंची म्हणाली, "मला नाही ठाऊक."

तिचे कान गरम झाले. तिची मान खाली गेली.

चुंची गेली तेलाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. छबीच्या आईचं शिलाई मशीन होतं. मशीनखाली तेलाची छोटी बाटली होती. बाटलीत तेल होतं.

"तेलबुवा, तेलबुवा, तारेला लागा.
माझं बीळ बुडालं.
पाइप पाणी सोडेना.
तार पाइपात जाईना."

तेल म्हणालं, "नाही लागत. माझं झाकण घट्ट बसलंय. पक्कडीला ते फिरवू दे, मग लागतो. पण चुंचे, पाइपात अडकलंय तरी काय?"

चुंची म्हणाली, "मला नाही ठाऊक."

तिचे कान गरम झाले. तिची मान खाली गेली. तिनं शेपूट पोटाखाली घेतलं.

चुंची गेली पक्कडीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. शेजारच्या ओट्यावर काशीनाथकाका बसायचे. काका नळ दुरुस्त करायचे, पाइप दुरुस्त करायचे. त्यांच्या पिशवीत पक्कड होती.

"पक्कडताई, पक्कडताई, झाकण फिरव.
माझं बीळ बुडालं.
पाइप पाणी सोडेना.
तार पाइपात जाईना.
तेल तारेला लागेना."

पक्कड म्हणाली, "नाही फिरवत. आधी काकांनी मला धरावं, मग फिरवते. पण चुंचे, पाइपात अडकलंय तरी काय?"

चुंची म्हणाली, "मला नाही ठाऊक."

तिचे कान गरम झाले. तिची मान खाली गेली. तिनं शेपूट पोटाखाली घेतलं. तिला वाटलं, आपण इतकं लहान व्हावं, इतकं लहान, की कुणाला दिसूच नये.

चुंची गेली काकांकडे. काका पिशवीच्या पलीकडेच होते. दोनच पावलं. तुरु तुरु.

"काका, काका, पक्कड धरा.
माझं बीळ बुडालं.
पाइप पाणी सोडेना.
तार पाइपात जाईना.
तेल तारेला लागेना.
पक्कड झाकण फिरवेना."

काका म्हणाले, "नाही धरत. आत काय आहे ते आधी कळू दे. माती असली तर ढकलायची. कापड असलं तर ओढायचं. कापड ढकललं तर आणखी घट्ट बसतं, आणि पाइप फुटतो. सांग, अडकलंय तरी काय?"

चुंची काही बोलायच्या आत छबीची आई आली. छबीचं बोट तिच्या हातात होतं. आई काकांना म्हणाली की मोरी तुंबलीय, आणि या पोरीनंच काहीतरी टाकलंय. काकांनी छबीला विचारलं, बाळ, काय टाकलंस गं?

छबी म्हणाली, "मी नाही टाकलं."

आई म्हणाली, "खोटं बोलायचं नाही, छबे."

छबीचा खालचा ओठ पुढे आला. ती आईच्या साडीमागे गेली आणि तिथेच उभी राहिली.

चुंची पिशवीच्या आड लपली होती. तिनं ते ऐकलं. तिला पळून जावंसं वाटलं. ती पळाली पण. एक पाऊल, दोन पावलं, तीन पावलं. मग थांबली. आणि मागे फिरली.

तुरु… तुरु… तुरु… तुरु…

ती काकांच्या पायापाशी आली. तिचे कान गरम होते. तिची मान खाली होती. आवाज अगदी बारीक आला.

"माझं बीळ बुडालं.
पाइप पाणी सोडेना.
तार पाइपात जाईना.
तेल तारेला लागेना.
पक्कड झाकण फिरवेना.
काका पक्कड धरेनात.
आणि मोजा मीच कोंबला."

छबीनं साडीमागून डोकं बाहेर काढलं.

मग काका म्हणाले, "मोजा होय. म्हणजे ओढायचं."

काकांनी पक्कड धरली.
पक्कडीनं झाकण फिरवलं. कर्र कर्र.
तेल तारेला लागलं. टप टप.
तार पाइपात गेली. सर्र सर्र.
काकांनी तार ओढली. हळू हळू, हळू हळू.
बुळुक! लाल मोजा बाहेर आला.
पाइपानं पाणी सोडलं. गुड गुड गुड, गुड गुड गुड, सुर्रर्र.
चुंचीचं बीळ वर आलं.

छबीच्या आईनं मोजा हातात घेतला. आता आईचे पण कान गरम झाले. ती खाली बसली आणि तिनं छबीला मांडीवर घेतलं.

"छबे, तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं गं."

चुंची छबीच्या पायापाशी गेली. वर बघायला तिला जमेना. ती अंगठ्याकडे बघूनच म्हणाली, "छबी, बोलणी माझी होती. खाल्लीस तू."

छबीनं तिच्याकडे वाकून पाहिलं. मग विचारलं, "तुझं घर ओलं?"

चुंची म्हणाली, "हो."

छबी उठली. शिलाई मशीनखाली गेली. तिथे कपड्यांच्या चिंध्या पडल्या होत्या. निळी चिंधी, पिवळी चिंधी, ठिपक्यांची चिंधी. छबीनं मूठभर चिंध्या आणल्या आणि चुंचीपुढे ठेवल्या. चुंचीला त्या घ्यायची लाज वाटली. ती नुसती बघत राहिली. छबीनं आणखी एक चिंधी आणली. मग चुंचीनं घेतल्या.

काकांनी पाइपाच्या तोंडावर नवी जाळी बसवली. आता पाणी आत जाईल, मोजा जाणार नाही. छबीची आई म्हणाली, ही आधीच बसवायला हवी होती.

चुंचीनं चिंध्या एक एक करून बिळात नेल्या. आधी निळी, मग पिवळी, मग ठिपक्यांची. अंथरूण झालं. मऊ मऊ, कोरडं कोरडं. चुंची त्यावर गोल गोल झाली आणि झोपली.

मोरी झाली मोकळी, चुंची झाली मोकळी,
आता आपली गोष्टही मोकळी.