खाकी खिशावरचा आरसा

लखलखीच्या कड्याची खरी गोष्ट माझ्याइतकी पक्की ठाऊक असलेला माणूस या अख्ख्या खोऱ्यात नाही. म्हणजे एक होता, उकंडराव गुरव. तो गेल्या साली गेला. मला जी ठाऊक आहे ती त्यानेच सांगितली, आणि तीही अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्यात मला डुलकी लागली होती. तेव्हा मधली थोडी जागा मी माझ्या पदरची भरली आहे. कुठली ते ओळखून दाखवा, चहा माझ्याकडून. पैसे तेवढे तुम्ही द्या.

तर पाव्हणे, पायाखाली बघा. वनखात्याच्या नाक्याच्या डोक्यावरचा हा काळा कडा, आपण बसलोय तो. दुपार कलली की त्याच्यावर बारीक बारीक ठिणग्या पेटल्यासारखं चमकतं. शिकलेले लोक येतात, बोटाने खरवडतात आणि सांगतात, अभ्रक आहे. असेल बुवा. मी चौथीत दोनदा बसलेला माणूस, मला अभ्रक लिहितासुद्धा येत नाही. आमच्याकडे म्हणतात, ते घमलीबाईच्या फेटियाचे आरसे आहेत.

फेटिया म्हणजे बंजाऱ्यांच्या बायांचा घेरदार घागरा. त्याला, काचोळीला, डोक्यावरच्या ओढणीला जागोजागी आरसे टाचलेले असतात, कवड्या असतात, घुंगरं असतात. बाई चालली की अर्धा डोंगर जागा होतो.

घमलीबाईचा नवरा, हामू नाईक, या कड्यावर राखणदार होता. त्याचं काम एकच. उन्हाळाभर उभं राहायचं आणि खाली कुठे वणवा दिसला की गवत कापणाऱ्यांना सावध करायचं. खात्याने त्याला खाकी कपडे दिले होते, आणि तो ते मोठ्या दिमाखात घालायचा. एका चैत्रात आग लागली. हामू दोन्ही हात वर करून नाचला, ओरडला. पण खाकी माणूस खाकी डोंगरावर कोणाला दिसणार? खालून कोणी मान वर केली नाही. शेवटी तो स्वतः धावत खाली गेला, माणसं बाहेर काढली, आणि आपण तेवढा आत राहिला.

खात्याने ती जागा बायकोला दिली. तेराव्या दिवशी घमलीबाई लग्नातला फेटिया नेसून, आरसे लखलखवत कड्यावर चढली. तांड्यात कुजबुज झाली, विधवा बाईने असं नटावं का? तेव्हा ती म्हणाली म्हणे, "मी नटली नाही. मी या दगडावर उभी आहे तोवर खालच्या माणसाला दिसेल अशीच उभी राहीन. हामूच्या नावाने सांगते."

तोच तिचा नवस. सहा उन्हाळे तिने तो पाळला. तिची आणि गवतवाल्यांची एक बोलीच ठरून गेली. एका जागी चमकलं, तर सगळं ठीक. गरगर फिरलं, तर वणवा. आणि चमक ज्या बाजूला पळत जाईल, त्या बाजूला पळायचं. सहा उन्हाळ्यांत एक माणूस भाजला नाही.

मग आला टोपीसाहेब. त्याचं खरं नाव तिघे जण तीन सांगतात, म्हणून मी त्याच्या टोपीवर भागवतो. टोपी मोठी होती, आणि असे सांगतात की तिच्या आत हवा भरपूर खेळायची.

पहिल्याच दिवशी साहेब पांढऱ्या घोड्यावर बसून खोऱ्यात पाहणीला उतरला. कड्यापासून चांगला कोसभर लांब. घमलीबाई आपली उभी राहून ओढणी सारखी करत होती. एक आरसा उन्हात फिरला, चमक घोड्याच्या डोळ्यांत गेली, घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि साहेब घाणेरीच्या जाळीत. चाळीस गवतवाल्यांच्या समोर! त्यांतले एकोणचाळीस गंभीर राहिले. चाळिसावा माझा पणजा होता, असं उकंडराव म्हणायचा.

संध्याकाळी हुकूम निघाला. कामाच्या जागी तांड्याचा पेहराव चालणार नाही, खात्याचा माणूस खात्याच्या कपड्यांतच दिसला पाहिजे. शिपाई खाकी कोट घेऊन कड्यावर गेला. आठ दिवसांत अंगावर चढवा, नाहीतर जागा सोडा.

घमलीबाई खाली उतरून साहेबाच्या बंगल्यावर गेली. व्हरांड्याच्या पायरीखाली उभी राहिली.

"साहेब, घोड्याला कोसभरावरून दिसलं ना?"

"दिसलं म्हणूनच सांगतो आहे."

"मंग माणसालाही दिसते जी. तेवढ्यासाठीच मी तिथे आहे. कोट घातला त माझा हामू झालाच समजा."

साहेबाने कागदावरून मान वर केली नाही. "आठ दिवस," एवढंच म्हणाला.

तांड्याने तिला समजावलं. घरात दोन लेकरं, सासू आंधळी, पगाराशिवाय चूल कशी पेटायची? कोट घाल, अंगावर काटे थोडेच उगवतात? त्या आठ दिवसांत तिला झोप आली नाही, असे सांगतात. नवस मोडावा तर खालची माणसं मरतील. नोकरी गेली तरी मरतीलच, कारण पुढचा राखणदार खाकीच असणार. कुठूनही फिरलं तरी वाट तिथेच येत होती.

आठव्या दिवशी साहेब जाळरेषा बघायला खोऱ्यात उतरला. जाळरेषा म्हणजे गवत कापून मोकळा ठेवलेला पट्टा, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. बरोबर तेच चाळीस जण. साहेबाने दुर्बीण डोळ्याला लावली आणि कडा बघितला. वर खाकी कोट ताठ उभा होता. साहेब हसला, दुर्बीण खाली ठेवली.

कोटाच्या आत घमलीबाई नव्हती. पळसाचा खुंट होता. बाईने कोट त्याला घालून, बटणं लावून, वर मडकं उपडं ठेवलं होतं, आणि स्वतः फेटिया नेसून मागच्या सावलीत बसली होती. आता ही जागा माझ्या पदरची आहे असं तुम्हाला वाटत असेल. नाही. हे उकंडराव शपथेवर सांगायचा.

दुपार कलली. वरच्या अंगाने वारा सुटला, आणि घळीच्या मागून धूर उठला. खालच्यांना तो दिसणं शक्य नव्हतं, मध्ये टेकाड होतं. गवत पुरुषभर उंच, वाळून कडकडीत. घमलीबाईने पाहिलं आणि कोटाच्या पुढे आली. तिला दिसत होतं, आपण उघड्यावर आलो की जागा गेली. तरी आली, आणि फिरू लागली.

फेटियाचा घेर ताटासारखा उघडला. एकेक आरसा ऊन उचलून खाली फेकू लागला.

"कोण आहे तो वर? नाव लिहून घ्या!" साहेब ओरडला.

पण नाव लिहायला जागेवर कोणी राहिलंच नव्हतं. विळे टाकून चाळीस माणसं चमक जाईल तिकडे, नदीच्या बाजूला धावत होती. घोड्यानेही साहेबापेक्षा गवतवाल्यांवर विश्वास ठेवला आणि साहेबाला खाली टाकून त्यांच्यामागे गेला.

राहिला टोपीसाहेब. खाकी टोपी, खाकी कोट, खाकी विजार, भोवती खाकी गवत. नदीच्या वाळूत पोचलेले लोक वळून बघतात, तर साहेब कुठे दिसतोय? तो मारे हात हलवत होता, हाका मारत होता. आगीच्या आवाजात हाक विरली आणि गवतात हात विरला. हामूचं जे झालं होतं, तेच.

वरून घमलीबाईने वाळूतली डोकी मोजली. चाळीस. एक कमी. साहेब कुठे आहे ते तिलाही दिसत नव्हतं, पण आपण त्याला दिसतो हे तिला ठाऊक होतं. त्या कातळावर ती नदीच्या बाजूला पळे, परत येई, पुन्हा पळे. तापलेल्या दगडाने तळवे सोलले. आरसे सुटून खाली पडत गेले, फुटत गेले, आणि ती पळत राहिली. आत धुरात साहेबाची दिशा हरवली की तो वर बघायचा. चमक गेली तिकडे चार पावलं टाकायचा, पुन्हा हरवायचा, पुन्हा वर बघायचा. असा करत करत तो वाळूत येऊन पडला. टोपी जळाली होती, मिशी अर्धी उरली होती. एक्केचाळिसावं डोकं दिसलं तेव्हाच कड्यावरची चमक एका जागी थांबली.

सगळं ठीक.

खालून चाळीस जणांनी अशी आरोळी दिली म्हणे, की तांड्यातली आंधळी सासू उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझी सून जिंकली!"

संध्याकाळी साहेब पायी कडा चढला. खुंटाला घातलेला कोट बघितला, मडकं बघितलं, बाईचे पाय बघितले. लोकांना वाटलं, आता जागा जाणार. साहेब खाली वाकला, दगडावरून एक न फुटलेला आरसा उचलला आणि आपल्या डाव्या खिशावर धरला.

"इथे बसेल का?"

"बसल," घमलीबाई म्हणाली. "एकानं काही होत नाही साहेब, पण सुरुवात बरी आहे."

तिने ओढणीतली सुई काढली आणि तिथेच टाचून दिला. दुसऱ्या दिवशी जुना हुकूम फिरला. ज्याच्यासाठी उभं राहायचं त्याला दिसेल असं राखणदाराने ल्यावं, एवढाच नवा नियम उरला, असे सांगतात.

आजही होळीच्या दुसऱ्या दिवशी, वणव्याचा हंगाम लागला की, खाली नाक्यावर रेंजरसाहेबापासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे रांगेत उभे राहतात, आणि तांड्यातली बाई एकेकाच्या खाकी खिशावर आरसा टाचते. नव्या साहेबाचा नंबर पहिला, आणि त्याला सुई थोडी टोचायचीच, हाही नियम आहे. आजही कड्यावरची राखणदार फेटिया-काचोळी नेसूनच कामावर येते. ही बघा ना, आमची सुगना राठोड, घमलीबाईच्या पणतीची लेक. कमरेला वायरलेस, हातात दुर्बीण, आणि अंगावर दीडशे आरसे. मी मोजले नाहीत, तिने मोजू दिले नाहीत.

मला तर बुवा एक शंका कायम आहे. मी तरणा असताना या रानात पुष्कळ हिंडलो, कशासाठी ते विचारू नका. पण कड्यावरचे एवढे-एवढेसे आरसे खोऱ्यातल्या माणसाला दिसतात, हे काही मला पटत नाही. काय गं सुगना, खरं सांग पाव्हण्यांना, गोष्ट थोडी फुगवलेलीच ना?

सुगनाने दुर्बीण डोळ्यांवरून काढलीसुद्धा नाही.

"दिसत नसते त आबाजी, माझ्या आजीनं नुसती ओढणी झटकली तेव्हा डोक्यावरचा सागाचा ओंडका टाकून, एक चप्पल नाल्यात सोडून पळाले, ते कोण होते जी?"