घुम्या आणि भोकाचा रांजण

गाड्या नुकत्याच गाऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. इस्माईल मिस्त्रींच्या गॅरेजात घुम्या नावाचा मोठा स्पीकर होता. लाकडी खोक्यात त्याचा आवाज गुदमरायचा. तेलाच्या डब्यात बसवला, तर डबाच खडखडला. आता उरलं होतं फक्त भंगार.

“माझ्यात बसून बघतोस?” कोपऱ्यातला रांजण चाचरत म्हणाला. “पण माझ्या बुडाला भोक आहे.”

खोकं हसलं. “गळक्या भांड्यात आवाज राहील होय?”

तेवढ्यात मिस्त्रींचीही नजर रांजणावर गेली. त्यांनी घुम्याला रांजणाच्या तोंडावर घट्ट बसवलं आणि गाणं लावलं. असा भरदार ठेका घुमला, की जीपच्या काचा थरथरल्या. घुम्याला आनंद आवरेना.

“भोक बुजवून घेऊ का?” रांजणाने विचारलं.

“नको रे बाबा, तिथूनच तर मला श्वास घेता येतोय.”

मिस्त्री मात्र भोक पाडायचं गिरमिट घेऊन खोक्याकडे निघाले होते.