दंशाआधीची जागा

पूर्वी कृतयुगात, नागांना फणा नव्हता त्या काळी, नर्मदेच्या दक्षिण तीरावर वैतान ऋषींचा आश्रम होता. वार्धक्याने दृष्टी मंदावलेल्या त्या तपोधनापाशी शबल नावाचा नागकुमार मनुष्यरूपाने अध्ययन करीत असे. कंदमुळे खाऊन आणि सामगान करून आपले विष केव्हाच जिरले, अशी त्याची समजूत होती.

एका प्रातःकाळी तो दर्भ निवडत बसला असता जवळून जाणाऱ्या गुरूंची खडाव नकळत त्याच्या बोटांवर पडली. मनात काही उमटण्यापूर्वीच शबलाचा जबडा उघडला. मान कशीबशी वळवून त्याने दात यज्ञस्तंभात रोवले. पाहता पाहता खदिराचा तो स्तंभ कोळशासारखा काळा पडला.

सहाध्यायी धौम्र काठी उगारून ओरडला, "आचार्य, मागे व्हा! ऋचा घोकल्या म्हणून काय झाले, याचा पिंड सापाचाच!"

"वत्सा," ऋषींनी विचारले, "माझा राग आला होता?"

"नाही, आचार्य. राग यायला अवसरच मिळाला नाही. विष आधी आले." शबलाच्या मनात आले, उद्या मान वेळेवर वळली नाही तर?

शिष्यासाठी वैतानांनी ओंजळीतल्या उदकासह आपले सारे तपःपुण्य सोडले, तोच प्रजापती प्रकटले.

"भगवन्, हे विष काढून घ्या!" शबलाने याचना केली.

"काढीन. पण तुझ्या पिंडाची माती मी विषातच कालवली होती. ते गेले तर तूही विरघळशील. दुसरे माग."

शबलाने काळ्या स्तंभाकडे पाहिले. "मग विष आणि दंश यांच्यामध्ये मला थोडी जागा द्या."

"जागा? ती कोठे देऊ?"

"मानेत."

"तथास्तु," म्हणून प्रजापती अंतर्धान पावले.

धौम्राची काठी मात्र खाली आली नाही. "वर फळला की नाही, हे पाहणार कोण?"

"मी," वैतान म्हणाले, आणि कोणी अडवण्यापूर्वी त्यांनी सारा भार देऊन त्याच बोटांवर पाऊल ठेवले.

विष उसळले. शबलाची मान सुपासारखी पसरली, कंठातून फूत्कार निघाला, आणि विष तेथेच अडले. त्या थोडक्या अवकाशात त्याला प्रथमच स्वतःचा राग दिसला, आणि रागापलीकडे गुरूंचा सुरकुतलेला पाय दिसला.

"आचार्य," तो कष्टाने बोलला, "पाय उचला."

ऋषींनी पाय उचलला. शबलाने मुख मिटले.

तेव्हापासून नागकुळाला फणा आहे. विष होते तसेच आहे. नाग फणा उभारून डोलू लागला की तो चावायला निघाला, असे आपण समजतो. वस्तुतः तो थांबलेला असतो, आणि समोरच्याने पाय उचलावा याची वाट पाहत असतो.