हवालदाराची मिशी

कुंभेरी गावच्या वेशीबाहेर वाटसरूंसाठी बांधलेली एक धर्मशाळा होती. तिच्या ओसरीवर येसोबा महाराज राहत. अंगावर एक पंचा, डोकं आणि चेहरा तुळतुळीत, आणि बोलणं इतकं कमी की एखादा शब्द ऐकायला गावाने ताटकळत बसावं. उपाशी वाटसरू आला की महाराज स्वतःपुढची भाकरी त्याच्यापुढे सरकवत आणि आपण हसत बसत. अशा महाराजांची टिंगल करणारा माणूस गावात एकच होता, तो म्हणजे विसाजीपंत वैद्य. पंतांच्या हाताला गुण होता, हे कबूल केलंच पाहिजे. जिभेला मात्र लगाम नव्हता.

सुगी संपली की त्या धर्मशाळेत लिंबाजी बहुरूपी येऊन उतरे. त्याची बायको वारली होती, बरोबर ठकू नावाची लहान मुलगी असे. रोज सकाळी नवं सोंग घ्यायचं, गावभर फिरून लोकांना हसवायचं आणि झोळीत पडेल तेवढ्या धान्यावर बापलेकीने पोट भरायचं. सोंग रंगवून झालं की लिंबाजी आधी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवी. महाराज त्याला निरखून बघत आणि म्हणत, "झकास! फक्त कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस."

त्या दिवशी लिंबाजी हवालदार झाला होता. डोक्याला लाल पगडी, कमरेला पट्टा आणि डिंकाने चिकटवलेली कानापर्यंतची मिशी. थेट पंतांच्या दारात जाऊन त्याने दंडुका आपटला. "इसाजी वैद्य कोन हाय? तुमच्या काढ्यानं मामलेदारसायबांची घोडी मेली! चला कचेरीत!"

पंतांनी घोडीला कधी काढा दिला नव्हता. पण ते आठवायला सवड कुणाला? मागल्या मागे पळाले ते ज्वारीच्या कणगीत जाऊन बसले. लिंबाजीने मिशी काढून हात जोडले तेव्हा कुठे बाहेर आले, शेंडीत आणि कानांत ज्वारीचे दाणे घेऊन. सगळी आळी हसून हसून लोळली.

पंत कानांतले दाणे झटकत ओरडले, "तू एका दिवसाचा सोंगाड्या, आणि तुझा तो येसोबा जन्माचा सोंगाड्या! पुन्हा या दारात आलास तर मिशी मुळासकट उपटीन!"

लिंबाजीने मिशी पुन्हा चिकटवली आणि तो उरलेलं गाव हिंडून दुपारी धर्मशाळेत परतला. बघतो तो काय! अंगणात खेळता खेळता ठकू कोसळली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, दातखीळ बसलेली, डोळे पांढरे झालेले, हातपाय झटके देत होते. महाराजांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते म्हणाले, "धाव. पंतांना घेऊन ये."

लिंबाजी तसाच धावला. पगडी तशीच, मिशी तशीच. पंतांच्या दारात त्याने लोटांगण घातलं. "पंत, पोरीनं डोळं फिरवलं वो! पाया पडतो, चला!"

डोळ्यांतलं पाणी रंगावरून ओघळून गालांवर काळे पाट वाहिले. भोवती माणसं जमली आणि त्यांनी चक्क वाहवा केली! "सकाळपेक्षा हे सोंग भारी रे!" एका म्हातारीने डोळे पुसत त्याच्या झोळीत ओंजळभर ज्वारी टाकली. लिंबाजीने मिशी ओरबाडून फेकून दिली. "आईच्यान सांगतो, ह्ये सोंग न्हाई!"

पंत खिडकीतून म्हणाले, "रडणं छान जमलंय. पण मी काय रोज कणगीत बसणारा उंदीर वाटलो तुला?" आणि खिडकी धाडकन लागली.

त्या बापाच्या काळजाचं काय झालं असेल! तो परत आला आणि महाराजांपुढे कोसळला. "देवा, जल्मभर खोटं रडलो, त्येचं दानं मिळालं. आज खरं रडलो, तरी दानंच मिळालं! वैद्य न्हाई मिळाला."

महाराजांनी विचारलं, "पंत हवालदाराला भितात ना रे?"

"सकाळी भ्याले. आता न्हाई भ्यायचे."

"बरं. पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेव आणि इथून हलू नकोस," असं म्हणून महाराजांनी डोळे मिटले.

इकडे पंतांच्या दारावर पुन्हा दंडुका वाजला. दारात हवालदार! तीच पगडी, तोच पट्टा, तीच मिशी. पंतांना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या, "या रे या, आता माझा खेळ बघा!" आणि दोन्ही हातांनी मिशी धरून हिसका दिला. मिशी निघेना. पंतांनी उंबऱ्याला पाय लावून दुसरा हिसका दिला. हवालदाराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण मिशी जागची हलली नाही. ती खरी होती!

पंतांनी मिशी सोडून हात जोडले. शेजारी केव्हाच पसार झाले होते. हवालदार शांतपणे म्हणाला, "झालं ओढून? आता औषधांचा बटवा घ्या आणि चला."

पंत वाटभर "सरकार, चूक झाली, सरकार" म्हणत मागोमाग निघाले. धर्मशाळेच्या दारात पोचले तर पुढे हवालदार नाही! आत ओसरीवर महाराज डोळे मिटून बसलेले, आणि मिशी नसलेला लिंबाजी मुलीच्या कपाळावर पट्ट्या बदलत होता.

पंतांची नजर ठकूकडे गेली आणि ते हवालदाराला विसरले. कितीही तिरसट असला तरी माणूस वैद्य होता हो! त्यांनी झटपट दातखीळ सोडवली, मात्रा उगाळून मधातून चाटवली, स्वतः पाणी आणून तिचं अंग पुसत बसले. उन्हं कलली तशी ठकूला घाम फुटला. तिने डोळे उघडून बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "आबा, तुमची मिशी कुठं हाय?"

लिंबाजी हसला आणि हसता हसता हमसून रडला. या वेळी ते रडणं पंतांना खरं वाटलं. त्यांचेही डोळे भरून आले.

मिशीचं नाव निघताच मात्र पंत दचकले. "लिंबाजी, तो हवालदार कुठे गेला रे?"

"कोन हवालदार? मी पोरीपासनं हललो न्हाई. म्हाराजबी हितंच."

तेव्हा महाराजांनी डोळे उघडले. त्यांचा वरचा ओठ लालबुंद होऊन टम्म सुजला होता. ते हळूच म्हणाले, "पंत, बटव्यात सुजेवरचा एखादा लेप आहे का?"

पंतांनी त्या सुजलेल्या ओठाकडे निरखून पाहिलं. मग आपण कुणाची मिशी ओढली ते त्यांना उमगलं. "महाराज, मी तुम्हाला सोंगाडे म्हणालो!"

"मग, सोंग बरं वठलं ना?"

पंतांनी धाडकन महाराजांचे पाय धरले, कपाळ त्यांवर टेकलं, आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. महाराजांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. शेंडीत राहिलेला ज्वारीचा एक दाणा काढून ठकूच्या हातात दिला आणि म्हणाले, "पाय धरा, पंत. पण ओढू नका हो!"

ठकू खुदकन हसली. तिच्यासारखीच तुमच्याआमच्या घरची आजारी लेकरं हसत उठून बसोत, हीच येसोबा महाराजांच्या चरणी प्रार्थना.