अच्युतरावांचा पाहुणा

एका मोठ्या शहरात अच्युतराव नावाचे एक विधुर गृहस्थ राहत. मुलगी परदेशी, आणि घरात आवाज करणारा एकटा कुकर. त्यांच्या घराजवळ एक स्पॅनिश हॉटेल निघाले. तिथली रीत अशी, की पदार्थ लहान लहान बशांतून येतात. ते मधे ठेवायचे आणि गप्पा मारत सगळ्यांनी मिळून खायचे. ही रीत ऐकूनच अच्युतरावांना तिथे जावेसे वाटले. गप्पा कुणाशी मारायच्या, हा विचार दारात पोचल्यावर आला.

"किती जण, सर?" वेटरने विचारले.

"दोघं," अच्युतराव म्हणाले. "दुसरे येतायत."

दुसरे आले नाहीत. येण्यासाठी आधी ते असायला हवे होते. तरी अच्युतराव दर शनिवारी दोघांचे टेबल अडवू लागले. घड्याळ बघत, कपाळाला आठ्या घालत, बंद फोनवर पाहुण्याला दमही भरत. इतके निमूट ऐकून घेणारा मित्र त्यांना उभ्या नोकरीत लाभला नव्हता.

एका शनिवारी हॉटेल तुडुंब भरले. त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ एकटेच आले. जागा नाही म्हटल्यावर ते सरळ अच्युतरावांपाशी आले.

"तुमचे पाहुणे येईपर्यंत टेकू का जरा? एकट्याला दुसरी बशी संपत नाही हो. आणि पहिली कशी होती, हे सांगायला कुणी नसतं."

अच्युतरावांच्या मनात आले, हाच तो माणूस! याच्यासाठीच तर खुर्ची अडवली होती. पण हा बसला आणि पाहुणा आलाच नाही, तर? शेजारी वेटर उभा होता.

"माफ करा," अच्युतराव म्हणाले. "ते खाली पोचलेत. गाडी लावतायत."

"नशीबवान आहात," म्हणून गृहस्थ वळले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक बाई ओरडल्या, "अहो काका, इकडे या! सरक गं, शलाका. लवकर या, ही पोरं कोळंबी ठेवायची नाहीत!"

गृहस्थ अंग चोरून त्यांच्यात बसले. थोड्याच वेळात तिथून हशा उसळला. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

अच्युतरावांपुढचे बटाटे गार झाले होते. वेटर वाकून हळूच म्हणाला, "सर, ही खुर्ची त्या टेबलाला देऊ? काकांना नीट बसता येत नाहीये."

अच्युतरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नको. येतीलच ते."

तात्पर्य: आपले एकटेपण चारचौघांत उघडे पडू नये म्हणून जो धडपडतो, तो चालून आलेली सोबतही आपल्याच तोंडाने परत पाठवतो.