देवीपुरती काकवी

उसाच्या मळ्यांनी चहूबाजूंनी वेढलेलं एक गाव होतं, आणि त्या गावात सगुणा नावाची एक सुगरण होती. सुगरण म्हणजे कशी? तिनं काकवी घालून घारगे तळायला घेतले की वेशीवरून जाणारा वाटसरू वाट चुकायचा. चुकायचा कसला, मुद्दाम चुकायचा मेला!

ज्यांनी काकवी चाखली नाही त्यांची मला कीवच येते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत ठेवतात. आटत आटत त्याचा गूळ व्हायच्या जरा आधी तो मधासारखा दाट आणि तांबूस होतो, तीच काकवी. गरम भाकरी कुस्करावी, तूप सोडावं, वरून काकवीची धार धरावी, आणि मग कुणी हाक मारली तरी ओ देऊ नये.

त्या गावात एक रीत होती. हंगाम संपला की घरटी एक पळी काकवी एका थोरल्या मडक्यात जमा व्हायची. त्याला म्हणायचे देवीचं मडकं. चैत्रात जत्रा असे, आणि जत्रेला त्या काकवीची गव्हाची खीर नैवेद्याला होई. पण तोवर ते मडकं साऱ्या गावाचं. घरात बाळंतीण असो, आजारी माणूस असो, अवचित आलेला पाहुणा असो, वाटी घेऊन यायचं आणि भरून न्यायची. उरेल ते देवीचं. आधी माणसं जेवली की देवी जेवते, असं जुनी माणसं म्हणत.

हे मडकं सांभाळायचा मान पूर्वी भिवराआजीचा होता. सगुणा तिच्याच हाताखाली तयार झालेली. आजीला चूल झेपेना तेव्हा तिनं मडकं सगुणाच्या स्वाधीन केलं आणि सांगितलं, "हे बघ पोरी, पळी कायम कोरडी ठेव. आणि तोंडाला नुसतं फडकं बांध. झाकण लावायचं नाही."

"का गं आजी? मुंग्या लागतील की!"

"लागू देत. झाकण बघितलं की मागणाऱ्याची जीभ अडते."

सगुणानं मान डोलावली. पहिली काही वर्षं तिनं सगळं तसंच केलं. पण दर जत्रेला पंगतीत एकच कौतुक, "खीर खावी तर सगुणाच्या हातची!" ऐकून ऐकून तिला वाटायला लागलं की देवी वर्षभर आपल्याच खिरीसाठी ताटकळत बसलेली असते. मग एक वाटी गेली की तिच्या काळजाचा लचका तुटल्यासारखं व्हायचं. काकवी गावाची, आणि जीव हिचा जात होता!

एका वर्षी ऊस कमी आला. गुऱ्हाळातल्या गुळव्यानं घाईघाईत काहील उतरवली, त्यामुळं काकवी पातळच राहिली. अंथरुणाला खिळलेल्या भिवराआजीनं निरोप धाडला, "यंदाची टिकायची नाही. मागतील त्यांना वाटून टाक."

सगुणानं नाक मुरडलं. "आजीला आता वयानं काही सुचेनासं झालंय," ती म्हणाली. आणि तिनं काय करावं? मडक्यावर झाकण ठेवलं, कणीक मळून त्याची फट चारी बाजूंनी लिंपली, आणि मडकं कोठीच्या खोलीत जोंधळ्याच्या पोत्यांआड दडवलं. येईल त्याला गोड तोंडानं सांगायला लागली, "तळाला गेली हो. देवीपुरतीच उरलीय." देवीचं नाव घेतल्यावर कोण काय बोलणार? माणसं रिकाम्या वाट्या पदराआड धरून मुकाट परत जात.

फाल्गुनातल्या एका दुपारी भिवराआजीची सून सुंदरा दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात छोटीशी वाटी होती. छोटीशीच.

"सगुणाकाकू, सासूबाईंनी चार दिवस झाले अन्न सोडलंय," ती म्हणाली. "आज आपणहून बोलल्या. काकवीत बुडवून भाकरीचा घास दे म्हणाल्या. आमच्या घरातली कधीच संपली. एक पळी द्याल?"

सगुणाचा हात कोठीच्या कडीपर्यंत गेला, खोटं कशाला सांगू! ज्या म्हातारीनं हिला पळी धरायला शिकवलं, ती एक पळी मागत होती. पण लगेच डोक्यात आलं, हिच्यासाठी मडकं उघडलं की भरलेलं मडकं ही बघणार. ही चौघींना सांगणार. उद्या अख्खं गाव वाट्या घेऊन दारात! मग जत्रेत पांचट खीर वाढायची की काय?

हात मागं आला.

"अगं बाई," ती म्हणाली, "असती तर मी दिली नसती का? देवीपुरतीच उरलीय बघ."

सुंदरा रिकामी वाटी घेऊन परत गेली.

तीन दिवसांनी भिवराआजी गेली. सगुणा गळा काढून रडली, आणि ते रडणं काही ढोंगाचं नव्हतं. घरी येऊन ती कोठीच्या दाराशी कितीतरी वेळ उभी राहिली. दार मात्र तिनं उघडलं नाही. आता उघडून उपयोग काय, असं तिनं स्वतःच्या मनाला समजावलं.

जत्रा उद्यावर आली. सकाळपासूनच ऊन रणरणत होतं. खिरीचे गहू कांडायला बायका सगुणाच्या अंगणात जमल्या. सुंदराही आली, कारण देवीचं काम चुकवायचं नसतं. मुसळं चालू होती, गाणी चालू होती, सगुणा सुपं फिरवत होती. आणि एकाएकी घरातून असा धडाका झाला की मुसळं हातातल्या हातात थांबली. एका बाईच्या काखेतलं पोर टाहो फोडून रडायला लागलं.

"अगं आई गं! छत पडलं की काय?"

छत कुठलं पडायला! कोठीच्या दाराखालून काहीतरी बाहेर येत होतं. तांबूस, फेसाळ, आंबूस वासाचं. ते ओसरीवर पसरलं, उंबऱ्यावरून उतरलं आणि अंगणात कांडलेल्या गव्हात शिरलं. पातळ काकवी उन्हाळ्यात आंबते, फसफसते. वर फडकं असेल तर आतली हवा निघून जाते, काही होत नाही. पण हिनं तर कणकेनं तोंड बंद केलेलं, मडकं फुटणारच! भिवराआजीच्या झाकणाच्या बोलण्यात एवढं सगळं होतं, आणि ते सगुणाला आत्ता कळत होतं.

बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. काकवी येतच होती. थांबायचं नावच घेईना.

"सगुणे," एक म्हातारी हळूच म्हणाली, "हे तळाला गेलेलं मडकं?"

"देवीसाठी... देवीसाठीच राखली होती मी," सगुणा पुटपुटली.

आता सुंदरा भांडणार, शिव्याशाप देणार, असं साऱ्यांनाच वाटलं. दिले असते तर सगुणालाही जरा हलकं वाटलं असतं. पण सुंदरा त्या फेसाकडं बघत बसली होती. तिचा आवाज अगदी साधा होता.

"तुमचं उत्तर मी सासूबाईंना जाऊन सांगितलं, काकू. तर त्या हसल्या. म्हणाल्या, शहाणी गं माझी सगुणा, देवीचं राखलं तिनं. पुन्हा मागायला जाऊ नकोस, नाही म्हणताना तिचा जीव तुटेल."

ते ऐकून सगुणा त्या चिकट ओसरीवर मटकन खाली बसली. तिला रडूही फुटेना. कुणी तिला उठवायला पुढं झालं नाही.

त्या वर्षी देवीपुढं फिकी खीर ठेवली गेली. पंगतीत कुणी नावं ठेवली नाहीत, कुणी कौतुकही केलं नाही. जत्रा संपल्यावर सगुणा नवं मडकं घेऊन सुंदराच्या दारी गेली. ते ओट्यावर ठेवून म्हणाली, "मडक्याचा मान तुझ्या घरचाच होता. फडकं बांध, पोरी." आणि मान खाली घालून निघून आली.

पुढच्या हंगामानंतर सगुणा तापानं पडली. तोंडाला चव राहिली नाही, अन्न नकोसं झालं. काय खावंसं वाटतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण कुठल्या तोंडानं मागणार? एका संध्याकाळी सुंदरा आपणहून आत आली. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात वाटी.

सगुणानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "मी मागितली नव्हती गं."

"माहीत आहे," सुंदरा म्हणाली, आणि घास काकवीत बुडवून तिच्या ओठांशी धरला. "सासूबाईंनी मागितली होती. त्यांच्या वाटणीची आहे. खा."

सगुणानं तोंड उघडलं. असा गोड घास तिनं जन्मात खाल्ला नव्हता, आणि तो तिच्या घशाखाली उतरता उतरेना.

तात्पर्य: देवाच्या नावानं माणसाला नाही म्हणून जे राखलं, ते देवालाही मिळत नाही, आणि एकदा परत गेलेली रिकामी वाटी पुन्हा त्याच हाताची भरता येत नाही.