धुक्यातले आजोबा

दिवाणखान्यात सासूबाईंच्या मालिका आणि आपले गेम, दोन्हींची सोय होईल असा मोठा टीव्ही शर्वाणीला हवा होता. दुकानदार बोधनकरशेठ छाती फुगवून म्हणाले, "हा घ्या, कोरा करकरीत माल!"

तिने दुकानातच गेम लावून पाहिला. पडद्यावर धुकं दाटलं आणि त्यातून एका म्हाताऱ्याचा चेहरा उमटला. डोळे थेट तिच्यावर रोखलेले. ती पटकन एक पाऊल मागे सरली.

"गेममधलं भूत असेल," शेठ हसले.

तिने गेम बंद करून बातम्या लावल्या. निवेदिकेच्या पांढऱ्या साडीतूनही आजोबा तसेच बघत होते, आणि आता गळ्यातला हारही दिसत होता. शर्वाणीच्या डोक्यात प्रकाश पडला. कुणाच्या तरी घरी आजोबा गेल्यावर, फ्रेम येईपर्यंत त्यांचा हार घातलेला फोटो रात्रंदिवस टीव्हीवरच लावून ठेवला असणार, आणि तो पडद्यावर कायमचा उमटला होता.

"भास होतोय तुम्हाला," शेठ गुरकावले. "हा टीव्ही अजून कुणाच्या घराचा उंबरा चढलेला नाही!"

"उंबरा चढला नाही म्हणता, शेठ?" ती शांतपणे म्हणाली. "हा तर तेराव्याचं जेवूनच आलेला दिसतोय."

शेठचे हात आपोआप जोडले गेले. तिला की आजोबांना, कोण जाणे.